चवीपुरते मीठ म्हणजे नक्की किती?

पाककृतींचे कोणतेही पुस्तक उघडा. त्यात सगळ्याचे माप दिलेले असते. दोन वाट्या डाळ, एक चमचा मोहरी, पाव वाटी ओले खोबरे, कढीलिंबाची सात-आठ पाने. आणि मग सगळ्यांत शेवटी, जणू किरकोळ बाब असावी तसे लिहिलेले असते, ‘मीठ चवीपुरते’. आता ही चव कुणाची? सासूबाईंची, सूनबाईंची, की पहिला घास घेताच ‘‘आज मीठ जरा कमी पडलंय का गं?’’ असे विचारणाऱ्या घरधन्याची? याचा खुलासा कोणतेही पुस्तक करीत नाही.

वाचकहो, आज आपण या ‘चवीपुरते’चाच हिशेब मांडणार आहोत. साखर, तूप, तेल यांच्याबद्दल आपण बरेच सावध झालो आहोत. मधुमेहाच्या भीतीने चहातली साखर गेली, कोलेस्टेरॉलच्या धास्तीने वरणावरचे तूप गेले. मीठ मात्र आहे तिथेच आहे. कारण ते स्वस्त आहे, पांढरे आहे आणि ताटात निमूटपणे बसलेले आहे.

मिठाशी आपले नाते तसे फार जुने. खाल्ल्या मिठाला जागणारी आपण माणसे. गरिबाघरची असली तरी मीठ-भाकर गोड मानून घेणारी. लहानपणी मीठ सांडले की आजी दरडावीत असे, ‘‘सांडू नकोस, देवाघरी पापण्यांनी वेचावं लागेल!’’ बाळाची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्याच लागतात. 1930 साली तर या मिठासाठी देश उभा राहिला. गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले आणि आपल्याकडे वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाले. अशा मिठाविरुद्ध बोलायचे म्हणजे मोठेच धाडस. पण आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही ते केलेले आहे. चरकसंहितेत पिप्पली, क्षार आणि लवण या तीन गोष्टी अतिप्रमाणात घेऊ नयेत, असे बजावलेले आहे.

शरीराला लागते किती?

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. त्यातला सोडियम शरीराला हवाच. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, शरीरातील पाण्याचा तोल ही सारी कामे त्याच्यावाचून अडतात. पण त्यासाठी दिवसाकाठी एक-दीड ग्रॅम मीठसुद्धा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा घालून दिली आहे, ती दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात वरणातले, भाजीतले, लोणच्यातले, पापडातले आणि बाहेरच्या खाण्यातले सगळे आले. लहान मुलांना त्याहून कमी. भारतात ठिकठिकाणी झालेल्या पाहण्यांत मात्र माणशी रोजचे मीठ साधारण आठ ते अकरा ग्रॅम भरले आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

‘‘जास्त झाले तर काय होते? लघवीवाटे जातेच की!’’ असे कुणी म्हणेल. जाते, पण मूत्रपिंडांना त्यासाठी जादा राबावे लागते. मीठ आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. त्यामुळे रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो आणि त्यांच्या भिंतींवर दाब येतो. गच्चीवरची टाकी भरलेली असली की खालच्या नळाचा जोर कसा वाढतो, तसेच समजा. वर्षानुवर्षे असा जोर सहन करून रक्तवाहिन्या ताठर होतात, हृदय थकते, मूत्रपिंडे झिजतात आणि एखाद्या दिवशी मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. त्यालाच आपण ‘वारे गेले’ किंवा ‘लकवा मारला’ म्हणतो. सगळ्यांनाच मीठ सारखे बाधते असे नाही. उतारवयात आणि बी.पी. आधीच वाढलेले असेल तेव्हा ते अधिक बाधते. पण आपण कोणत्या गटातले हे कपाळावर लिहिलेले नसते.

एका भाऊसाहेबांचा दिवस

मीठ कुठून कसे पोटात जाते हे कळण्यासाठी आपण एका भाऊसाहेबांच्या मागे दिवसभर फिरू. हे भाऊसाहेब कोणत्याही तालुक्याच्या गावी, कोणत्याही कचेरीत सापडतात. वय पन्नाशीच्या आसपास, पोट जरा पुढे, स्वभाव प्रेमळ, आणि ‘‘मी बाहेरचं फारसं काही खात नाही’’ ही ठाम समजूत.

सकाळी घरी पोहे झाले. पोह्यांवर शेव नसेल तर भाऊसाहेबांना ते पोहे वाटतच नाहीत. साधे दिसणारे हे काम दीड ग्रॅमचे. दुपारी कचेरीत डबा उघडला. पोळ्यांच्या कणकेत मीठ, भाजीत मीठ आणि डब्याच्या कोपऱ्यात कैरीच्या लोणच्याची घसघशीत फोड. शेजारच्या टेबलावरून आलेली शेंगदाण्याची चटणी नको म्हणणे म्हणजे सहकाऱ्याचा अपमान. धरा अडीच ग्रॅम. चार वाजता चहाबरोबर वडापाव आला. वड्यात मीठ, चटणीत मीठ, पावातही मीठ आणि वर तळून मिठात घोळवलेली मिरची. आणखी दीड.

संध्याकाळी तालुक्याहून घरी यायला एस. टी. गाडी लागायची होती. आता गाडी कधी लागेल हे खुद्द कंट्रोलरसाहेबांनाही सांगता येत नाही. वेळ काढायला खारे दाणे घेतले. अर्धा ग्रॅम. रात्री घरी आमटी-भात, भाजी, भाकरी, दोन भाजलेले पापड, ठेचा. आणि ताटात वरच्या बाजूला परंपरेने वाढलेली मिठाची ढिगली. ती चिमटीचिमटीने भाकरीबरोबर कधी संपली ते भाऊसाहेबांच्याही लक्षात आले नाही. एका उडदाच्या पापडातच साधारण अर्धा ग्रॅम मीठ असते. रात्रीचे चार धरायला हरकत नाही.

बेरीज करा. दहा ग्रॅम झाले. आकडे अर्थातच अंदाजाचे आहेत, घरोघरी थोडे इकडेतिकडे होतील. पण भाऊसाहेबांनी आज काहीही जगावेगळे खाल्लेले नाही. हॉटेलात पंचपक्वान्ने झोडली नाहीत, लग्नाची पंगत नव्हती. अगदी साधासुधा कामाचा दिवस होता. तरी मीठ दुप्पट.

आता भाऊसाहेबांना दुखते-खुपते म्हणाल, तर काही नाही. रक्तदाबाची खोड हीच आहे. तो गाडीसारखा हॉर्न वाजवीत येत नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 24 टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे 21 टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळ्या चालू होत्या. म्हणजे एस. टी.च्या बाकावर पाच जण बसले असतील, तर त्यांत एक तरी बी.पी.वाला निघायचा. आणि बऱ्याचदा त्यालाच ते ठाऊक नसते.

शेवटी जेवणारीचे ताट

भाऊसाहेबांचा हिशेब झाला, पण ज्यांच्या हातचे ते जेवतात त्या वहिनींचा कोण करणार? जरा त्यांच्या ताटाकडे पाहू. घरातल्या सगळ्यांची पाने झाली, मुलाने भाजी दोनदा मागून घेतली, आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यांनी उरलेली आमटी संपवली. वहिनी जेवायला बसल्या तेव्हा कढईत भाजीचा नुसता मसाला राहिला होता. ‘‘माझं काय, चालतं मला काहीही,’’ असे म्हणत त्यांनी भाकरीबरोबर लोणचे घेतले, थोडा ठेचा घेतला, दुपारचा उरलेला पापड संपवला. अशी कितीतरी घरे आहेत की जिथे स्वयंपाक करणारीच्या वाट्याला भाजी कमी आणि मीठ जास्त येते.

पालेभाज्या, फळभाज्या, फळे, कडधान्ये यांतून पोटॅशियम मिळते आणि ते मिठाचा त्रास काही अंशी कमी करते. म्हणजे भाजी संपली आणि लोणचे उरले, तर नुकसान दोन्हीकडून. त्यात भर म्हणजे वहिनींचे बी.पी. शेवटचे तपासले गेले ते बाळंतपणाच्या वेळी. तो मुलगा आज कॉलेजात आहे. साहेबांची तपासणी कचेरीच्या शिबिरात होते, आजींची डॉक्टरांकडे होते, वहिनी मात्र दोघांनाही सोबत म्हणून जातात आणि बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळीत बसतात. डोके दुखले तर उन्हाने, चक्कर आली तर अशक्तपणाने, थकवा आला तर वयाने, अशी कारणे घरातच मिळत असल्याने दवाखान्यापर्यंत पाळी येत नाही. पाळी येते तेव्हा कधीकधी फार उशीर झालेला असतो. म्हणून मिठाचा विचार करताना घरातल्या या शेवटच्या ताटाचा विचार आधी करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. भाजी सगळ्यांना पुरेल अशी करावी, शक्य तर सगळ्यांनी एकत्र बसावे, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की बाकावरच्या व्यक्तीचाही दंड पुढे करावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासणीला पैसे पडत नाहीत.

बाजारातला हिशेब

आता एक सोपी युक्ती. हिला ना तराजू लागतो, ना प्रयोगशाळा. वाण्याच्या यादीवर ती जमते. तेलाचे पाकीट किती दिवस पुरले, गॅसचे सिलिंडर कधी लावले, हे प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असते. मिठाचा पुडा कधी फोडला हे मात्र कुणी सांगू शकत नाही. आजपासून ते लिहायला लागा. पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख घाला.

गणित असे. चार मोठी माणसे, प्रत्येकी पाच ग्रॅम, दिवस तीस. म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम. यातले काही मीठ फरसाण, पाव, बिस्किटे, बाहेरचे खाणे यांतून येणारच. तेव्हा स्वयंपाकघरातला खर्च अर्धा किलोच्या आत राहायला हवा. एक किलोचा पुडा चार माणसांना दोन महिने पुरला, तर आपण वाटेवर आहोत. महिन्यातच संपला, तर घरच्या मिठानेच माणशी आठ ग्रॅम ओलांडले. घसा धरला म्हणून केलेल्या गुळण्या, मासे धुणे, वर्षाचे लोणचे घालणे यांचे मीठ त्यातून वजा करायला हरकत नाही. पण सगळा दोष गुळण्यांवर ढकलू नये!

तयार पदार्थांच्या पाकिटावर ‘मीठ’ असे लिहिलेले क्वचितच सापडेल. तिथे बारीक अक्षरांत ‘सोडियम’ असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. शंभर ग्रॅम पदार्थात 800 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते दोन ग्रॅम मीठ झाले. झटपट होणाऱ्या शेवयांच्या मसाल्याच्या पुडीत, सॉसमध्ये, सूपच्या पाकिटात हा आकडा पाहून ठेवा. खाण्याचा सोडा, पापडखार आणि अजिनोमोटो यांतही सोडियमच असतो, हेही ध्यानात असू द्या.

उपासाचे सैंधव वेगळे, असे कुणी म्हणेल. रंग गुलाबी असला तरी तेही मुख्यतः तेच मीठ. शिवाय त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या गलगंडाविरुद्ध आपल्या देशात 1962 पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तेव्हा रोजचे मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे, फक्त बेताने घ्यावे.

बाजारात हल्ली कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमधल्या सहाशे खेड्यांत जवळजवळ 21 हजार लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला. आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे रक्तदाबाचे रुग्ण त्यात होते. 2021 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. पण सावधान! मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असणाऱ्यांना हे पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. म्हणून शेजारणीने आणले म्हणून आपण आणू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

अळणी न करता कमी कसे करावे?

‘‘मग काय अळणी गिळायचं?’’ हा भाऊसाहेबांचा सवाल आम्हाला इथपर्यंत ऐकू येतो आहे. मुळीच नाही. एकदम निम्मे मीठ केले तर घरात मोर्चा निघेल आणि चौथ्या दिवशी बरणी पुन्हा मूळ जागी येईल. मीठ हळूहळू, कुणाला कळू न देता कमी करावे. जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते. दोन-तीन महिन्यांनी तर पूर्वीचीच भाजी खारट लागू लागते.

पहिली पायरी ताटातल्या मिठाची. ती ढिगली बंद करावी. सणावाराला नैवेद्याच्या पानात वाढावे, रोजच्या पानात नको. दुसरी पायरी पिठाची. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत आपल्याकडे बहुतेक घरांत मीठ नसते आणि ती कुणाला अळणी लागत नाही. मग कणकेत आणि भातात तरी कशाला? तिसरी पायरी चमच्याची. मीठ मुठीने किंवा चिमटीने न घालता एका ठरावीक लहान चमच्याने घालावे, तोही सपाट. हाताचा अंदाज कितीही मुरलेला असो, घाईच्या दिवशी तो सढळच होतो.

चौथी पायरी चवीची. आंबटपणा असला की मीठ कमी असलेले जाणवत नाही. लिंबू, आमसूल, चिंच, कैरी ही आपल्या घरची मंडळी त्यासाठीच आहेत. लसूण-आल्याची फोडणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओले खोबरे, कोथिंबीर, तिळाचे किंवा जवसाचे कूट यांनी भाजीला उठाव येतो. कोशिंबीर आयत्या वेळी कालवावी. मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटते आणि मग त्या पाण्यासाठी पुन्हा मीठ लागते.

पाचवी पायरी पाळीची. लोणचे, पापड, ठेचा, फरसाण हे सगळे एका पानात नको. आज लोणचे असेल तर पापड उद्या. प्रवासाला निघताना डब्यात खारे दाणे न घेता बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, काकडी, पेरू, केळी घ्यावीत. काकडी विकणारा तिखट-मीठ लावू लागला की ‘‘दादा, नुसतं तिखट लावा’’ म्हणावे. तो जरा चमकून पाहील, पण काकडी देईल! आणि बी.पी.ची गोळी चालू असेल तर प्रवासात ती पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात किंवा पर्समध्ये ठेवावी. मीठ कमी केले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रोजचे चार-पाच ग्रॅम मीठ कमी केल्याने रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा सरासरी पाचाच्या आसपास उतरतो. हा फायदा चांगलाच आहे, पण तो गोळीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मीठ पूर्ण सोडणे हाही उपाय नव्हे. म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः लघवी साफ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर, अगदी अळणी खाण्याने रक्तातले सोडियम घटून भ्रम होऊ शकतो, तोल जाऊ शकतो. जुलाब-उलट्या झाल्यावर आणि उन्हातान्हात घाम गाळून काम केल्यावर शरीराला मीठ-पाणी दोन्ही लागतात. जुलाबात ओ.आर.एस.ची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवून द्यावी. ती मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर असे मिश्रण द्यावे. तिथे ‘डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय’ म्हणून हात आखडू नये.

थोडक्यात, या आठवड्यात करायच्या गोष्टी दोनच. घरात चालू असलेल्या मिठाच्या पुड्यावर आजची तारीख घाला. आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे, स्वयंपाक करणारीचे सर्वांत आधी, बी.पी. तपासून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला असेल, तर घाबरून न जाता पुन्हा तपासून घ्या आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या. दुधाचा हिशेब आपण त्याच कॅलेंडरवर मांडतो. त्याच्या शेजारी एवढी जागा नक्की निघेल.